माझ्या सरळ फळ्या आणि वाहिद मास्तरांचं विमान

वाहिद मास्तरांनी मला फसवलं. पैशात नाही, पैशात मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे. त्यांनी माझ्या सरळ फळ्या वाकड्या ठरवल्या, आणि त्या सरळ आहेत हे पक्कं ठाऊक असताना ठरवल्या.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून खिशात रुमाल असो नसो, पांढरा धागा असायचाच. हॉटेलातलं टेबल, दवाखान्यातला बाक, काही लांब दिसलं की त्यावर धागा ताणून बघायचे. माझ्या मुलीच्या लग्नात पंगत बसलेली, आणि हे ताटांच्या रांगेवर धागा धरून उभे. वाढपी म्हणाला, "चाचा, सरका, भात गरम आहे." मास्तर तोंडावरची रेष न हलवता म्हणाले, "पाचवं ताट बाहेर आलंय."

"डोळ्याला काय कळतं? धाग्याला विचारा," हे त्यांचं कायमचं वाक्य.

या माणसानं पुण्याहून एका जुन्या लढाऊ विमानाची पेटी मागवली. आत सगळे सुटे भाग. जोडलं की खऱ्याच्या चौथाई मापाचं विमान होतं. एकेक पंख शाळकरी पोराएवढा, आणि लाकूड इतकं हलकं की फुंकर मारली तर पट्टी उडावी. मी देवगाव रंगारीहून रिकाम्या हातानं आलो आणि उस्मानपुऱ्यात प्लायवूडचं दुकान उभं केलं. जन्म लाकडात गेला, पण असलं लाकूड पाहिलं नव्हतं.

वर्षभर मास्तरांनी एक पट्टी चिकटवली नाही. आधी आखणी. बैठकीच्या फरशीवर खडूनं विमान पूर्ण मापात काढलं. येणाऱ्यानं पंखाला वळसा घालून बसायचं. दूधवाला चुकून मागच्या टोकावर उभा राहिला, तर "अरे, शेपूट मोडलं!" म्हणून ओरडायचे. फरशी पुसली की पुन्हा पहिल्यापासून खडू.

मग फळीचा प्रश्न आला. पंख जोडायचा तर त्याखाली नकाशा लागतो, आणि नकाशाखाली सपाट फळी. फळीला जरासा पीळ असला तरी तो पंखात उतरतो, आणि विमान उडता उडता एका अंगावर कलंडतं. हे मला पटलं. मी दुकानातली सगळ्यात चांगली फळी हातगाडीवर घालून पाठवली. ती परत आली. मागोमाग मास्तर आले.

"सोपानराव, हिला पोट है."

"पोट तुम्हाला आणि मला आहे, मास्तर. ही फळी आहे."

"धाग्याला विचारा."

"अहो, असल्या फळ्यांवर लोक देव मांडतात!"

"देव चालवून घेतो. हवा नाय घेत."

दुसरी पाठवली, तिला म्हणे पीळ होता. तिसरीचा कोपरा उचललेला. गिऱ्हाईक भावावरून भांडलं तर मी त्याला चहा पाजतो. ते भांडण मला आवडतं. पण मालावर बोट ठेवलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. बाजारात माझं नाव एकाच गोष्टीवर उभं आहे: सोपानकडची फळी वाकत नाही.

एके दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या छावणी भागातला एक सुतार दुकानात आला आणि हसत म्हणाला, "शेठ, तुमचा माल लई वाकडा यायलाय म्हणं? मास्तर सगळ्या गल्लीत सांगत्यात."

दुकान तसंच उघडं टाकून मी मास्तरांच्या घरी गेलो.

बैठकीत सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर एक फळी आडवी होती. तिच्यावर नकाशा, नकाशावर पातळ प्लॅस्टिक, आणि त्यावर टाचण्यांनी उभ्या केलेल्या पंखाच्या पहिल्या बरगड्या. काम सुरू झालं होतं. मी वाकून पाहिलं. कडेला बिजागऱ्यांच्या खाचा होत्या. फळी नव्हतीच ती. घरातलं दार होतं.

मास्तरांच्या हातातला धागा मी हिसकला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणला. मधे बोट जाईल एवढी फट.

"मास्तर, हे तर केळ्यासारखं वाकलंय!"

"हळू बोला," मास्तर म्हणाले. "खाली पाचरी मारल्यात. जमतं."

"मग माझ्या फळीखाली पाचरी जमत नव्हत्या व्हय?"

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण? सोपानराव का?"

भाभींचा आवाज. मास्तरांच्या बायको, मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. एके काळी त्या बोलल्या की आख्खी गल्ली सावधान उभी राहायची. मग लकवा मारला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मास्तरांशिवाय कुणाला आत येऊ देत नव्हत्या. सख्ख्या बहिणी आल्या, त्याही दाराबाहेरून बोलून गेल्या.

त्या चौकटीला आज दार नव्हतं. भाभी लोडाला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या तोंडावर ओढणी, आणि नजर सरळ पंखावर.

"काय हो सोपानराव, एवढं मोठं दुकान, आणि एक सीधी फळी नाय तुमच्याकडं? माझं दार उतरवलं यांनी. आधी मी ऐकतच नव्हते. पण म्हटलं, माझ्यापायी विमान अडायला नको."

मास्तर बोटात टाचणी धरून माझ्याकडं बघत होते. उधार मागायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा माझ्याकडं तसं कधी बघत नाही.

"नाय भाभी," मी म्हणालो. "सध्या सगळा माल वाकडाच यायलाय."

"मग परत करा की! व्यापारी ना तुम्ही?" त्यांनी मला झापलं, आणि लगेच मास्तरांकडं वळल्या. "अहो, ती बरगडी तिरकी लागतेय. डावीकडं घ्या. अजून थोडी."

"धागा लावू?"

"मी बघतेय ना."

मास्तरांनी बरगडी डावीकडं घेतली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. माझ्या मालाची बदनामी छावणीपर्यंत गेली, आणि तिच्यावर मी स्वतःच्या तोंडानं शिक्का मारून बसलो. हे कुणी निस्तरायचं? त्यांच्या घरी मी हा विषय काढत नाही; तिथं आता सगळं आत ऐकू जातं. म्हणून मास्तर, तुम्ही दुकानात या. चार गिऱ्हाइकांसमोर उभे राहा, आणि माझ्या फळ्यांना काय झालं होतं, त्याचा जबाब द्या.