बाबांचे कान माझ्या खिशात

कंपनीने लावलेलं कुलूप माझ्यापुढे टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो! प्रिंटर, टीव्ही, पंख्याचा रिमोट, सगळ्यांना मी सरळ केलंय. मग सासऱ्यांच्या कानाचं मशीन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

त्या मशीनचा नुसता आवाज वाढवायचा तरी कंपनीच्या माणसाकडे जायचं. त्याने तारीख दिली तीन आठवड्यांनंतरची, आणि आमच्या छोटीचं शाळेतलं गाणं तर उद्यावर आलेलं! गेल्या वर्षी नीट ऐकू न आल्याने आजोबांनी पहिल्याच कडव्याला कडकडून टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं असं वाटून छोटी तशीच आत निघून गेली. यंदा त्यांनी धसकाच घेतला होता. "मी आपला घरीच थांबतो," म्हणाले.

"बाबा, मी आहे ना!" मी लॅपटॉप उघडला, वायर जोडली आणि तासाभरात कुलूप खलास!

फोन खिशात टाकून मी ऐटीत स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोच्या कानाशी कुजबुजलो, "बुद्धिबळात तुझ्या बाबांशी मी मुद्दाम हरतो. इथे नाही हरलो!"

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "मुद्दाम?"

बायको हातातल्या कपासकट थिजली.

बरीच खटपट केल्यावर घोळ कळला. कुलूप काढताना मी मशीनचा स्वतःचा माइक बंद करून माझ्या फोनचा जोडला होता. आता फोन जे ऐकेल तेवढंच बाबांना ऐकू येणार! परत पहिल्यासारखं करायला गेलो, तर मशीन ढिम्म हलेना.

"म्हणजे माझे कान तुमच्या खिशात?" बाबांनी विचारलं.

"उद्यापुरते," मी ओशाळून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंची नजर चुकवत, अक्षरशः रांगत जाऊन मी फोन स्टेजच्या कडेला ठेवला. छोटी गायली. शेवटचा सूर थांबला आणि पहिली टाळी पडली ती बाबांची! अगदी वेळेवर. ते डोळे पुसत नातीकडे बघत राहिले. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बाबा, कंपनीच्या माणसाकडून नीट करून घेऊ."

"काही नको! शब्द न् शब्द ऐकला मी. फोन तेवढा माझ्याकडे द्या." मग त्यांनी पट मांडला. "बसा जावईबापू. आज मुद्दाम हरू नका."

याला आठ दिवस झाले. फोन बाबांच्या खिशात असतो, तो उचलता उचलता माझ्या साहेबांशी त्यांचीच दोस्ती झालीय आणि मी रोज जीव तोडून खेळतोय. अकरा डाव झाले. अकराही हरलो!