बॉनेटखालची टकटक

सासरे गेल्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांची बावीस वर्षांची गाडी जावयाच्या दारात आली. हयात असताना त्यांनी जावयाला स्टिअरिंगला हातही लावू दिला नव्हता. जावई शाळेत ग्रंथपाल होता.

पहिल्याच सकाळी गाडीखाली तेलाचे थेंब दिसले.

"ही फरशी रोज मी घासायची का?" बायकोने विचारलं.

ग्रंथपालाने वाकून पाहिलं. इंजिनाच्या एका रबरी नळीतून तेल ठिबकत होतं. त्याने नळीत बूच ठोकलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा बॉनेटखालून एक लांब, बारीक सुस्कारा आला. बायको पांढरीफटक पडली.

"बाबा असाच सुस्कारा टाकायचे. तुम्ही काही बोललात की."

"जुनी गाडी आहे ग."

"बाबाही जुनेच होते."

घरी येऊन पाहतो तर तेल मोजायची पट्टी आपोआप वीतभर वर आलेली. त्याने ती दाबून बसवली. दुपारी पुन्हा वर. मग त्याने ती तारेने करकचून बांधली. तेव्हापासून सुस्कारा थांबला आणि टकटक सुरू झाली. आतून कुणी बोटाच्या पेराने दार वाजवावं, तशी. गाडीत जळक्या तेलाचा वास भरला. बाबांच्या शर्टाला आयुष्यभर हाच वास होता.

शेवटी बायको चालू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचा फोन मी उचलला नाही. कामात होते. नंतर करू म्हटलं."

टकटक थांबली. इंजिन बंद पडलं होतं, पण हे सांगायची ग्रंथपालाची हिंमत झाली नाही.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि डोकं हलवलं. "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, साहेब. जळालेला वायू खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. त्याला बाहेर पडायला ही एकच नळी. तिला बूच कुणी मारलं?"

ग्रंथपाल छताकडे पाहू लागला.

"मग तो वायू पट्टी उडवणार, तेलाचं झाकण नाचवणार. अजून दोन दिवसांनी सील फुटून सगळं तेल रस्त्यावर आलं असतं."

मेकॅनिकने बूच काढलं, नळी साफ केली, ठिबकणारं तेल साठायला टोकाशी एक डबा जोडला. गाडी सुरू केली. ना सुस्कारा, ना टकटक. बायको बराच वेळ कान देऊन उभी होती.

"गेले," ती म्हणाली आणि बाबांच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच रडली.

परतताना ती मागच्या सीटवर आडवी झाली. घराजवळच्या चढावर गाडी धापा टाकू लागली.

"हो, टाकतो," ग्रंथपाल म्हणाला.

"काय टाकताय?"

"दुसरा गिअर. आत्ता तूच म्हणालीस ना?"

"मी? मला गिअरमधलं काय कळतंय."

ग्रंथपालाने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं नाही. निमूटपणे दुसरा टाकला. गाडी सरसर चढ चढली.