चौऱ्याऐंशी आंब्यांची आढी

आढीत चौऱ्याऐंशी आंबे होते. भाताच्या पेंढ्याचे तीन थर, प्रत्येक थरात अठ्ठावीस, सगळ्यांचे देठ वर, आणि दोन आंब्यांमध्ये बोटभर जागा. सगळ्यात मोठा दोनशे दहा ग्रॅमचा, सगळ्यात लहान एकशे वीसचा. दिशाने हे वहीत उतरवलं, तारीख घातली, खाली सही केली आणि पेंढ्यावर गोणपाट अंथरलं.

"सही कुणाला दाखवायची?" तिच्या आईने, शकूने दारातून विचारलं.

"नोंद आहे आई. नोंदीला सही लागते."

"आमी जन्मभर आढ्या लावल्या गो, कधी अंगठा पण नाय उठवला."

दिशाने महिन्यापूर्वीच बी.एस्सी.चा शेवटचा पेपर दिला होता आणि ती उंबरमाळीजवळच्या आपल्या घरी परत आली होती. पण आढीचा एवढा बंदोबस्त त्या डिग्रीसाठी नव्हता, बाईजाआत्यासाठी होता. अंगणातलं खोबऱ्या आंब्याचं झाड आत्याने लहानपणी बाठा पुरून लावलेलं. लग्न होऊन ती मुरबाडकडे गेली, तरी मे महिन्यात एकदा यायचं आणि खोबऱ्याचा रस नि तांदळाची भाकरी खायची, हा तिचा नेम. मधे एका वर्षी वाऱ्याने मोहोर झडला, एका वर्षी झाड धरलंच नाही, आणि मग आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. चार वर्षं नेम चुकला होता. आणि दिशा अकरावी-बारावीला आत्याकडे राहिली होती, तेव्हा सकाळी सहाच्या एसटीआधी गरम भाकरीचा डबा एकही दिवस चुकला नव्हता.

"आत्या, यंदा तू ये फक्त," दिशाने फोनवर सांगितलं होतं. "पंधराव्या दिवशी तुझ्या ताटात खोबऱ्याचा रस असेल. माझी गॅरंटी."

म्हणून तिने घरच्यांना आढीसमोर उभं केलं.

"मी रोज संध्याकाळी मोजणार. आकडा चौऱ्याऐंशीच यायला पाहिजे."

"आनि त्र्याऐंशी आला तर?" वडिलांनी, महादूने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तर एकेकाला विचारणार."

महादूने मुलाकडे पाहिलं. ओमकार भिवंडीच्या बाजूला गोदामात कामाला होता, पहिली पाळी करून दुपारी घरी यायचा. त्याने आईकडे पाहिलं. आईने मांजराकडे पाहिलं.

पहिले पाच दिवस काहीच घडलं नाही. सहाव्या दिवशी पहाटे वास आला. आधी मधल्या खोलीत, मग पडवीत, मग उशांच्या अभ्र्यांत. कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे जमिनीवर उतरायचे, त्यांत धूळ सावकाश फिरायची, आणि त्या धुळीलाही आंब्याचाच रंग आहे असं वाटायचं. दुपारी जेवून आडवं झालं की झोप आणि वास यांतलं आधी काय आलं ते कळायचं नाही. महादू झोपेत ओठ चोखायचा. शकू डोळे मिटून म्हणायची, "कोण गो भाकरी भाजतंय?" आणि कोणीच भाजत नसायचं.

त्याच सकाळी दिशाने ठरवलं की आंबे कितपत पिकलेत हे पाहण्यासाठी नमुना घ्यायला हवा. तिने वरच्या थरातला सगळ्यात पिवळा आंबा उचलला, पिळून मऊ केला आणि डोळे मिटून चोखला. वहीत लिहिलं: 'गोडी उत्तम. खोबऱ्यासारखा वास. धागा नाही.' मग तिच्या लक्षात आलं की आता आढीत त्र्याऐंशी झाले. नोंद बिघडली. तिने जाळी लावलेला लांब झेला घेतला, झाडावरून एक तयार हिरवा आंबा उतरवला आणि रिकाम्या जागी ठेवला. देठ वर. चौऱ्याऐंशी.

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे तिला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं होतं. त्यामुळे नमुना रोज तीनदा घ्यायचा ठरलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी.

आकडा हलला नाही. सातव्या दिवशी चौऱ्याऐंशी, आठव्या दिवशी चौऱ्याऐंशी. दिशाला घरच्यांचं कौतुक वाटलं. वास नाकात घुमत असताना तीन माणसं आढीला हात लावत नाहीत, ही साधी गोष्ट नव्हती.

नवव्या दिवशी तिने वर पाहिलं तर झाड विरळ वाटलं. आढी लावताना अजून ऐंशी-नव्वद आंबे पुढच्या तोडीसाठी ठेवले होते. आता त्यांतले वीस-पंचवीस तरी कमी दिसले.

"बाबा, झाडावरचे आंबे कुठे गेले?"

"वानरं," महादू लगेच म्हणाला.

"वानरंच," शकू चुलीपाशी म्हणाली.

"मी स्वतः बघितली ना. पाच होती," ओमकार म्हणाला. "एक तर लंगडं होतं."

एकाच प्रश्नाला तिघांचं एकच उत्तर, आणि एवढ्या झटकन, हे घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. पण निरीक्षण तीन जणांचं होतं, म्हणून दिशाने ते ग्राह्य धरलं. "मग दुपारी झाडाखाली राखण पाहिजे," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, उन्हात बसायला सगळे कां-कूं करतील. झालं उलटंच.

"बारा ते एक मी बसतो," महादू म्हणाला.

"पुढं मी. नायतरी मला झोप येत नाय," दुपारी घोरणारी शकू म्हणाली.

"अडीचनंतर मी हाय. कामावरून आलो की डायरेक्ट झाडाखाली," ओमकार म्हणाला. "काठी लागंल पण. झेलाच देऊन ठेव, वानरं त्याला भितात."

राखण सुरू झाली आणि वानरांचा सुळसुळाट वाढला. रोज दहा-बारा आंबे जात. दिशाला एकही वानर दिसलं नाही. त्या वेळी ती मधल्या खोलीत दुपारचा नमुना तपासत असे, आणि तो तपासल्यावर अर्धा तास तरी डोळे उघडत नसत.

बाराव्या दिवशी मात्र तिला घाम फुटला. आढीत पिवळे आंबे वाढायला हवे होते. ते कमी होत होते. नमुना म्हणत होता आंबे पिकले, आढी म्हणत होती अजून वेळ आहे. तिने पेंढा बदलला. दुसरं गोणपाट घातलं. खोलीची खिडकी लावली, मग उघडली. शेवटी घरच्यांना विचारलं.

"यंदा हवाच तशी हाय," महादू वर कौलांकडे बघत म्हणाला.

"तू सारखी मोजतेस ना, म्हणून लाजतात," ओमकार म्हणाला.

"पिकतील गो," शकू म्हणाली, आणि पदराने ओठांच्या कडा पुसल्या.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी नमुन्यासाठी एक पिवळा आंबा मिळाला. तळच्या थरात, अगदी कोपऱ्यात. तो तिने तपासला, त्याच्या जागी झाडाच्या शेंड्यावरून मोठ्या मुश्किलीने एक उतरवून ठेवला आणि मोजणी केली. चौऱ्याऐंशी. सगळे हिरवेगार.

रात्रभर तिला स्वप्नात आत्याचं रिकामं ताट दिसत राहिलं.

सकाळी अकरा वाजता आत्या आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांदळाच्या पिठाची पिशवी. "पीठ घरचं आणलंय. तुमच्या पिठाची भाकरी फुगत नाय," ती उंबरठ्यातूनच म्हणाली. मग थांबली. डोळे मिटून तिने लांब श्वास घेतला, आणि चार वर्षं त्या एका श्वासात आत गेल्यासारखा तिचा चेहरा झाला. "खोबऱ्या! काय घमघमाट सुटलाय रे महादू. आधी आढी दाखवा, पाणी मागनं."

"बाय, आधी बस तरी," महादू म्हणाला.

"गुडघा नवीन हाय माझा. बसायची घाई तुला."

दिशाने गोणपाट बाजूला केलं.

"आत्या, माझंच चुकलं," दिशा म्हणाली. "तापमान बघितलं, पेंढा बदलला, रोज मोजले. एकही आंबा कमी नाही. पण पिकलेच नाहीत. तुला शब्द दिला होता मी."

आत्याने खाली वाकून एक आंबा उचलला. नाकाशी नेला. देठावर अंगठा फिरवला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. चकचकीत, चिकट.

"आढीतल्या आंब्याला पंधरा दिवसांनी चीक येतो व्हय गो? हा काल उतरवलाय." तिने दुसरा उचलला. "ह्यो परवा." तिसरा. "ह्यो चार-पाच दिवसांचा. आनि घरभर वास पिकल्याचा. पिकले कुठं गेले?"

"वानरं..." ओमकारने सुरुवात केली.

"वानरं पिकले खातात आनि बदली हिरवे आणून ठेवतात? देठ वर करून?" आत्या भिंतीला टेकली. "बाठे आणा. ज्यानं त्यानं आपापले."

महादू मान खाली घालून गोठ्यामागे गेला आणि पाटीत एकोणीस बाठे घेऊन आला. शकूने लाकडांच्या मोळीमागून सोळा काढले. "एकच खायचा म्हणून खाल्लेला ताई," ती म्हणाली, "पण पोरीची वही व्हती ना. एक कमी दिसला असता." ओमकारने मोटरसायकलच्या डिकीतून बावीस आणले.

"कुणाला कुणाचं ठाऊक नव्हतं?" आत्याने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या.

"सत्तावन्न झाले," दिशा म्हणाली. राग आणि हिशेब तिला एकाच वेळी येत होते. "चौऱ्याऐंशी वजा सत्तावन्न, सत्तावीस. अजून सत्तावीस कोणी..."

ती थांबली. मग उठून कपाटाकडे गेली. तिथे प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्या होत्या, प्रत्येकीत एक बाठा, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. तिने त्या मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. सत्तावीसच.

"ते नमुने होते," ती हळूच म्हणाली.

आत्या हसायला लागली. काठी पडली, पदर पडला, तरी हसत राहिली. "वानरं चार निघाली गो बाय! शेपट्या कुठं लपवल्यात?" डोळे पुसत तिने पिठाची पिशवी शकूच्या हातात दिली. "भाकऱ्या टाक. आज चिंचेचं सार कर. आंबे पिकेपर्यंत मी राहते हितंच. बाज आढीशेजारी टाका. आनि आता कुणी हात लावला तर ह्या काठीशी गाठ हाय."

चौघांनी आढीवर हात ठेवून शपथ घेतली. झाडावर आता नुसती पानं होती, त्यामुळे बदली ठेवायलाही काही उरलं नव्हतं.

मग घरात पुन्हा त्या दुपारी आल्या. आंबे रंग धरू लागले. कवडसे, धूळ, वास. पडवीत चौघे शिस्तीत झोपलेले, आणि मधल्या खोलीत बाजेवर काठी छातीशी धरून राखण करणारी आत्या. कधीतरी अर्धवट झोपेत दिशाला पेंढ्याची सळसळ ऐकू यायची. तिला वाटायचं, स्वप्न असेल.

आठव्या दिवशी सकाळी रसाचा बेत ठरला. आत्या अंगणात भाकरीचं पीठ मळत होती. दिशाने आढी उघडली, मोजली, मग वाकून खोली झाडून घेतली आणि वही उघडली. तारीख घातली, खाली सही केली.

आढीत सदुसष्ट. आत्याच्या बाजेखाली सतरा बाठे.