रायाजी ठसेकाराच्या रुपयांवरील बायकांची बखर

श्री. चंद्रसूर्याची आण, चुलीतल्या विस्तवाची आण, आणि आमच्या उरल्यासुरल्या दातांची आण, पुढील अक्षर न् अक्षर खरे! शके सत्राशें सोळा, आनंदनाम संवत्सर. ते समयी सातासमुद्रांपलीकडे एक नवे राज्य उभे राहिले, आणि राज्य म्हटले म्हणजे नाणे पाहिजे, म्हणून थोरल्या कारभाऱ्यांनी टांकसाळ घातली आणि आज्ञा केली की चांदीच्या रुपयावर बाई काढावी, मोकळ्या केसांची, आणि भोवती कडेने चांदण्या. तेल नाही, वेणी नाही! पण राज्य त्यांचे, बोलावे कोणी? मग रायाजी ठसेकारांनी पोलादावर बाई उलटी कोरिली, आणि तो ठसा चांदीच्या चकतीवर ठोकून रुपये पाडू लागले. पोलाद ते कच्चे, ठोकता ठोकता तडके, आणि मग नवा ठसा पुन्हा हातानेच कोरावा ऐसी तेथली रीत.

ऐशियात रायाजींचे कुटुंब भिवराबाई बाजारातून मासळी घेऊन आल्या आणि पदराची गाठ सोडून पाहतात तो काय, एका रुपयावर केस कुरळे, एकावर सरळ, एकीच्या नाकाला चांदणी टेकलेली, आणि एकीच्या गालावर ओरखडा! मग बाईंनी हाक मारिली, ती वेशीपर्यंत गेली. "अहो, इकडे या! ह्या इतक्या बायका कोण?" रायाजी म्हणाले, "अगं, बाई एकच, ठसे निराळे." "आणि हिला ओरबाडलं कुणी?" "ठसा तडकला, त्याची रेघ उठली." "माझं नशीब तडकलं म्हणा! ही कुरळी कोण ते सांगा, नाहीतर मी चालले माहेरी!"

मग रायाजी छिन्नी टाकून बाईंची समजूत काढीत बसले आणि टांकसाळ बंद पडली, आणि कारभाऱ्यांनी सभा भरविली. भिवराबाई माहेरचे गाठोडे काखेत घेऊनच आल्या आणि रुपये मांडिले, कुरळ्या एकीकडे, सरळ एकीकडे, आणि ओरखड्याच्या तर लहान रेघेपासून लांब रेघेपर्यंत ऐशा रांगेने की सभा तोंडात बोट घालून पाहत राहिली. कारभारी बोलिले, "रायाजी, खरे सांगा, कोणास पाहून कोरिता?" रायाजी लाजले. "हिलाच, सरकार. सकाळी निघताना हिला डोळ्यांत साठवतो आणि येऊन कोरितो." "मी? अशी?" बाई कडाडल्या. मग हुकूम जाहला की बाईंनी सभेतच बसावे आणि रायाजींनी समोर कोरावे. बाई बसल्या. आणि रायाजींनी बट कोरावी तो बाईंनी मान फिरवावी, केस कोरावे तो केस झटकावे, चांदणी कोरावी तो नाकच पुढे यावे. "अगं, जरा स्थिर बस!" "बसलेच आहे की! ती खिडकी लावा आधी, मांजर शिरेल!" मग ठसा जाहला आणि रुपया पडला, तो केस अर्धे कुरळे, अर्धे सरळ, आणि चांदणी थेट नाकपुडीत. मागील एकाशीही जुळेना! सभा हसून लोळली. बाईंनी रुपया उजेडात धरून बराच वेळ निरखिला आणि म्हणाल्या, "नाक माझंच आहे मेलं." मग गाठोडे रायाजींच्या हाती दिले. "हं, धरा. चला घरी. आणि पुन्हा ती हनुवटी तुमच्या आईची काढलीत तर बघा!"

येणेंप्रमाणे संसार राहिला आणि टांकसाळ चालू जाहली, आणि आजही त्या मुलखातले शहाणे भिंग लावून बटा आणि चांदण्या पाहतात आणि कोणता रुपया कोणत्या ठशाचा ते सांगतात. भिवराबाई पुढे जन्मभर ठशासाठी गप्प, स्थिर बसत गेल्या.

सारे खरे. बाई गप्प बसल्या, तेवढे मात्र आमच्या पदरचे.