चादरीचे दुसरे टोक

हार्टलीबाई उणे बारा अंश सेल्सिअस तापमानात कपडे वाळत घालत.

हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिले आहे. साताऱ्याच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवले, आणि तापमानापुढचे उणे चिन्ह विसरणाऱ्या मुलींचा अर्धा गुण नेहमी कापला. त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा तापमापक खरोखरच उणे बारा दाखवत होता. खाली मागचे अंगण बर्फाने भरून गेले होते. मेपलचे झाड आणि गाड्यांच्या छपराचा लोखंडी खांब यांच्यामध्ये एक दोरी ताणलेली होती, आणि एक उंच, सडपातळ बाई तोंडात लाकडी चिमटे धरून तिच्यावर भली मोठी पांढरी चादर पसरत होती. मी घड्याळ पाहिले. तीन मिनिटांत चादरीचे हलणे थांबले. चौथ्या मिनिटाला ती फळ्यासारखी ताठ झाली. मग ढगातून थोडे ऊन आले आणि तो पांढरा फळा आतून उजळला, जणू आता त्यावर कोणी काहीतरी लिहिणार होते. बाईंनी चिमट्यांची पिशवी काखेत मारली आणि त्या शांतपणे आत निघून गेल्या.

ही दोन हजार चार सालच्या जानेवारीतली गोष्ट. निवृत्त होऊन मी अमेरिकेत, ॲन आर्बरला माझ्या मुलाकडे, अभयकडे, राहायला आले होते. येताना अकरा सुती साड्या आणल्या होत्या. थंडीच्या गावी सुती साड्या आणणे ही माझी चूक होती. त्या सगळ्या बॅगेतच राहिल्या आणि मी सुनेच्या लोकरी पायजम्यांत दिवस काढू लागले. आमचे घर वरच्या मजल्यावर होते आणि हार्टलीबाई आमच्या बरोबर खाली राहत. त्या इंग्लंडच्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या बांधण्या दुरुस्त करण्याचे काम करीत. त्या अर्थातच इंग्रजीत बोलत. त्यांचे बोलणे मी इथे मराठीत लिहिते आहे.

त्यांनी इंग्लंडच्या उत्तरेकडे, किनाऱ्यावरच्या एका लहान गावात अठ्ठावन्न वर्षे काढली होती. तिथली थंडी ओली असते. ती हळूहळू घरात शिरते आणि लांबच्या नातेवाइकासारखी बसून राहते, असे त्या सांगत. त्यामुळे थंडी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, अशा समजुतीने त्या एक रेनकोट, दोन स्वेटर आणि एक छत्री घेऊन मिशिगनला आल्या. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या. तरी त्यांनी तक्रार केली नाही. हवामानाविषयी रोज बोलायचे आणि तक्रार मात्र कधी करायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. तापमान उणे वीसवर गेले की त्या दार उघडून म्हणत, "आज हवा जरा ताजी आहे."

आमची ओळख छत्रीमुळे झाली. बर्फ पडू लागला की इथले लोक टोपी खाली ओढून चालू लागतात, कारण बर्फ झटकता येतो हे त्यांना लहानपणापासून माहीत असते. आकाशातून काही पडू लागले की छत्री उघडायची, एवढेच मला माहीत होते. बसथांब्यावर मी तशी उभी असताना विद्यार्थी माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. तेवढ्यात समोरून दुसरी छत्री आली. तिच्याखालच्या हार्टलीबाईंनी माझी छत्री नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "कोणाला तरी रीत ठाऊक आहे, हे पाहून बरं वाटलं."

त्यांचा आवडता शब्द होता 'लबाडी'. घरात उन्हाळा आणि बाहेर हिवाळा, ही लबाडी. चहाची पिशवी कोमट पाण्यात बुडवून तिला चहा म्हणणे, ही लबाडी. आणि सर्वांत मोठी लबाडी म्हणजे तळघरातले कपडे वाळवण्याचे यंत्र. त्यात कपडे वाळत नाहीत, घाबरतात, असे त्यांचे मत होते. कपड्याला वारा माहीत असला पाहिजे, असे त्या म्हणत.

गोठलेला कपडा वाकवायचा नाही, धागा मोडतो, हा त्यांचा नियम. त्यामुळे कपडे आत नेण्याची वेळ आली, आणि ते अजून ताठ असले, की त्यांना उभ्यानेच न्यावे लागे. एकदा त्या आपला लांब बाह्यांचा फ्लॅनेलचा गाऊन कमरेत धरून अंगणातून येत होत्या. गाऊनचा एक हात त्यांच्या खांद्यावर होता. टपाल घेऊन आलेल्या बाईने अदबीने बाजूला होऊन दोघांना वाट दिली. दाराशी पोचल्यावर किल्ली काढण्यासाठी त्यांनी गाऊन भिंतीशी टेकवून ठेवला. आमची सात वर्षांची सई खिडकीला नाक लावून पाहत होती. ती म्हणाली, "आजी, हर नाइटी इज वेटिंग फॉर हर."

मला मात्र त्या चादरीने वेगळ्या कारणासाठी बांधून ठेवले होते. घनरूप पदार्थाचे द्रव न होता थेट वायूत रूपांतर होते, त्याला संप्लवन म्हणतात. कापूर, आयोडीन आणि कपाटातली डांबरगोळी ही त्याची उदाहरणे मी सत्तावीस वर्षे दिली. बर्फाचेही तसे होते, हे मी पुस्तकात वाचले होते. साताऱ्यात ते कुठे दिसणार? इथे ते माझ्या खिडकीखाली घडत होते. सकाळचा फळा दुपारनंतर कडेकडेने मऊ होत जाई. पाणी कुठेच दिसत नसे. मग केव्हातरी, कोणाचे लक्ष नसताना, एक कोपरा हलू लागे. बर्फाने सगळे आवाज पिऊन टाकलेले असत, आणि त्या शांततेत ती चादर झोपेतून जागी झाल्यासारखी हळूहळू पुन्हा कापड होई. तो क्षण टिपायचा म्हणून मी किती शनिवार खिडकीत बसले, याची नोंद मी ठेवलेली नाही. एवढी एकच नोंद राहिली.

एका शनिवारी वाऱ्याने चादर त्यांच्या हातून ओढली. त्यांनी वर पाहिले. मी खिडकीत होतेच. हाक मारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी फक्त चादरीचा लोंबणारा भाग किंचित उचलला आणि ओठ हलवले. मी माकडटोपी घातली, अभयचे जाकीट चढवले आणि खाली गेले.

"दुसरं टोक, प्लीज," त्या म्हणाल्या.

मोठ्या चादरीची घडी अशी घालायची. दोघींनी दोन-दोन कोपरे धरून मागे सरकायचे, कापड ताणायचे आणि एकदा झटकायचे. कोपऱ्याला कोपरा जुळवून लांबट पट्टी करायची. मग एकमेकींकडे चालत यायचे, आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे, खाली लोंबणारी दुमड उचलायची आणि पुन्हा मागे जायचे. मला काहीच शिकवावे लागले नाही. आमच्या घरी जाऊबाई आणि मी रोज अशाच साड्यांच्या घड्या घालत होतो. त्या दिवसापासून दर शनिवारी तीन वाजता त्या अंगणातून वर पाहत आणि मी उतरत असे.

बोलणे फक्त जवळ येताना होई. मागे सरकताना त्या गप्प असत, कारण लांबून बोलायचे म्हणजे आवाज चढवावा लागतो. चादरीला दोन फेऱ्या पुरत, त्यामुळे आमचे संभाषण दोन वाक्यांचे असे. पहिल्या फेरीत त्या म्हणत, "डोरोथीचं पत्र आलं." डोरोथी म्हणजे त्यांची मोठी बहीण, हे मला कळायला तीन शनिवार लागले. दुसऱ्या फेरीत त्या म्हणत, "तिथे पाऊस आहे." तिसरी फेरी नसे. चादर संपलेली असे.

फेब्रुवारीत त्यांच्या दारावर पिवळा कागद लागला. बाहेर कपडे वाळत घालणे नियमात बसत नाही; शुक्रवारपर्यंत दोरी काढली नाही तर उन्हाळ्यात घराचा करार वाढवून मिळणार नाही, असे आमच्या गृहसंकुलाच्या कार्यालयाने कळवले होते. कारणही दिले होते: कपड्यांचे पाणी वाटेवर ठिबकून गोठते आणि लोक घसरतात. हार्टलीबाईंनी मला तो कागद वाचायला दिला. त्या दिवशी त्या हवामानाविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली.

कारण अशास्त्रीय होते, म्हणून मी कार्यालयात जाण्याचे ठरवले. जाताना एक आकृती काढून नेली: डावीकडे घन, उजवीकडे वायू, आणि मधल्या द्रवाला वळसा घालणारा बाण. तिथल्या तरुण मुलीने माझे बोलणे अतिशय आदराने ऐकून घेतले. पहिली तीन मिनिटे, चादर गोठेपर्यंत, थोडे थेंब पडतात, हेही मी तिला सांगितले. विज्ञानात लपवाछपवी चालत नाही. त्या तीन मिनिटांनी आमचा घात केला. हे सगळे फारच इंटरेस्टिंग आहे, असे ती म्हणाली, आकृती ठेवून घेऊ का असेही तिने विचारले, पण दोरी शुक्रवारी काढावी लागेल.

अभयला हे संध्याकाळी कळले. "आई, तू लीजिंग ऑफिसला संप्लवन शिकवून आलीस?"

"समजलं त्यांना," मी म्हणाले.

"समजलं तरी रूल्स चेंज होत नाहीत इथे. आणि त्यांना ड्रायर फ्री आहे गं. एवढं काय त्या दोरीचं?"

 या प्रश्नाचे उत्तर मला शुक्रवारी मिळाले.

शुक्रवारी हार्टलीबाईंनी दोरी स्वतःच्या हाताने सोडली आणि तिचे नीट वेटोळे केले. शेवटच्या चादरीची घडी आम्ही मिळून घातली. त्या दिवशी दोन्ही फेऱ्या अबोल गेल्या. मग त्या म्हणाल्या, चहा घ्याल का. इतक्या आठवड्यांत त्यांनी मला प्रथमच घरात बोलावले. पाणी उकळेपर्यंत चादर आतल्या कपाटात ठेवाल का, असे त्यांनी मला विचारले.

कपाटात तशाच सात चादरी होत्या. सगळ्या पांढऱ्या, रुंद, कडेला निळ्या दोऱ्याची शिवण, काही ठिकाणी बारीक रफू. आणि कपाटासमोर त्यांचा पलंग होता. तो जेमतेम तीन फूट रुंद होता. त्यावर लहानशी राखाडी चादर होती आणि तिला यंत्रात वाळल्याच्या सुरकुत्या होत्या.

मी गणिताचेही पेपर तपासलेले आहेत. दर शनिवारी धुऊन वाळणारी रुंद चादर या पलंगावर कधीच पसरली जात नव्हती. ती स्वच्छ असतानाच पुन्हा धुतली जात होती.

मी वळले तेव्हा हार्टलीबाई दारात उभ्या होत्या. मी काय पाहिले ते त्यांनी पाहिले. त्यांचे कान किंचित लाल झाले.

"त्या डोरोथीच्या आणि माझ्या घरातल्या," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकेरी चादरीची घडी एकटीला घालता येते."

त्यानंतर आम्ही चहा घेतला. चहा उकळत्या पाण्याचा होता. बाहेर मेपल आणि खांब यांच्यामध्ये काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तीन वाजता मी खिडकीत गेले. अंगणात कोणी नव्हते. मी आत आले, बॅग उघडली आणि वरची इरकली साडी काढून तळघरातल्या यंत्रात धुतली. मग शेजारच्या यंत्रात वाळवली. ती गरम, चुरगळलेली साडी घेऊन मी हार्टलीबाईंचे दार वाजवले आणि पदर माझ्याकडे ठेवून तिची उरलेली गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

"दुसरं टोक, प्लीज," मी म्हणाले.

त्यांनी साडीला नाक लावले. "यंत्रात वाळवलीय. लबाडी." मग गुंडाळी सोडवत त्या मागे जाऊ लागल्या. "लांबी किती आहे?"

"साडेपाच मीटर."

खालच्या मजल्यावरचा बोळ नेमका तेवढा होता. टोकाच्या काचेच्या दारातून बर्फाचा उजेड येत होता आणि त्यात त्या अगदी लहान, अगदी दूर दिसत होत्या. आमच्यामध्ये गर्द हिरवा इरकली रंग तरंगत होता. आम्ही काठ जुळवले, साडी ताणली, एकदा झटकली आणि चालू लागलो.

"डोरोथीचं पत्र आलं," पहिल्या फेरीत त्या म्हणाल्या.

"तिथे पाऊस आहे," दुसऱ्या फेरीत म्हणाल्या, आणि सवयीने थांबल्या. पण साडी संपली नव्हती. त्यांनी हातातल्या कापडाकडे जरा आश्चर्याने पाहिले आणि त्या पुन्हा मागे सरकल्या.

तिसऱ्या फेरीत त्या म्हणाल्या, "तिनं एकसष्टाव्या वर्षी लग्न केलं. चांगला आहे माणूस. मी त्याच वर्षी ही नोकरी धरली. तिथलं घर लहान आहे."

चौथी फेरी एका पावलाची होती. आमची बोटे एकमेकींना लागली.

"दुसरं टोक आता तो धरतो," त्या म्हणाल्या. "कोपरे सोडतो म्हणे."

मी माझ्या हातातले कोपरे पाहिले. सगळे जुळलेले होते. ते मी त्यांच्या हातात नीट ठेवले, आणि त्यांनी ते घट्ट धरल्याची खात्री झाल्यावरच माझे हात काढून घेतले. हार्टलीबाईंनी घडीवरून दोनदा तळहात फिरवला.

"अशी आणखी एखादी आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारले.

"आहे," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी आणते. ती फार मळलीय."

बॅगेत आणखी दहा होत्या. त्यांतली एकही मळलेली नव्हती.