मोरदांडावरचा निरोप समारंभ

निरोपाचं भाषण करावं तर मीच! हे माझं मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत वाट बघत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही. सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांना निरोप देण्यात गेली. शिपाई असो की साहेब, माझं भाषण झालं, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, की माणूस डोळे पुसत जिना उतरायचा तो कायमचा. नंतर चहाच्या निमित्तानंही कुणी कधी फिरकलं नाही! आमच्या कचेरीत इतकं पक्कं झालेलं दुसरं काम मला तरी आठवत नाही.

म्हणूनच आमच्या भटकंती मंडळावर रंगनाथरावांचं संकट आलं, तेव्हा मी एकटाच निश्चिंत होतो.

मंडळ म्हणजे आम्ही नाशिकमधली काही निवृत्त माणसं. गुडघ्याला पट्टे बांधून डोंगर चढतो आणि उतरल्यावर आठवडाभर त्याबद्दल बोलतो. दिंडोरीच्या पुढे मोरदांड नावाचा डोंगर आहे, त्याच्या माचीवर आम्ही एक निवारा बांधलाय. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, बाजूला छोटी पडवी. आमच्या अध्यक्ष उज्वलाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी या निवाऱ्याच्या परवानगीसाठी वनखात्यात इतके खेटे घातले, की तिथल्या वॉचमननं मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांना घरी आणून दिली!

निवाऱ्याचा नियम साधा. कुणीही यावं, झोपावं, दोन रात्रींच्या वर राहू नये. तसा ठळक फलकच दारावर आहे. रंगनाथराव दिवाळीनंतर आले. संक्रांत झाली, खाली द्राक्षं उतरायला लागली, रंगनाथराव काही उतरेनात!

पहिल्यांदा मंडळानं तिघांना पाठवलं. तिघं रागानं लाल होऊन गेले आणि नागलीची भाकरी, ठेचा आणि गुळाचा चहा घेऊन ढेकर देत परत आले. "माणूस फार चांगला आहे हो," एवढाच त्यांचा अहवाल. मग उज्वलाताई स्वतः गेल्या. दारातच त्यांना ऐकावं लागलं, "ताई, चपला बाहेर काढा, आत्ताच झाडलंय." स्वतः बांधलेल्या निवाऱ्यात! त्या इतक्या चिडल्या की चपला काढून आत गेल्या.

मग एक दिवस वनखात्याच्या नव्या रेंजर मॅडमचा फोन आला. निवारा वाटसरूंसाठी आहे, कुणाच्या संसारासाठी नाही, येत्या रविवारी मी स्वतः वर येते, तेव्हा तिथं कुणी राहत असेल तर दाराला कुलूप लावून खाली उतरते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मंडळाच्या बैठकीत उज्वलाताई परवानगीची फाईल छातीशी धरून बसल्या होत्या. त्यांना तसं पाहून बाकीचेही घाबरले.

"पोलिसात जाऊ," एक जण म्हणाला.

"त्याची भाकरी खाऊन?" दुसरा म्हणाला.

"माझ्यावर सोपवा," मी म्हणालो. हे वाक्य मी का बोलतो, हे आमच्या घरातही आजवर कुणाला कळलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मोरदांड चढलो. नियमाच्या फलकावर एक बनियन वाळत होतं. दाराशी रंगाच्या डब्यात तुळस, आत भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात पांघरुणांच्या घड्या अशा, की कापडाच्या दुकानानं लाजावं. रंगनाथराव दाराच्या बिजागरीला तेल देत होते. अंगावर खाकी शर्ट, खिशाला पेन, डोक्यावर कानटोपी.

"या साहेब. रात्रीचा मुक्काम की उभ्या उभ्या?"

"तुमच्याशीच बोलायला आलोय."

"बोला की. पण जरा थांबा, माझी पहिली पाळी संपूद्या."

"पाळी? कसली पाळी?"

"सकाळची. मी एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात होतो ना. पाळीशिवाय चैन पडत नाय."

पाळी संपली. म्हणजे त्यांनी तेलाची बाटली कोनाड्यात ठेवली, हात पुसले आणि स्वतःलाच "चला" म्हणाले. मग चहा झाला. मी विचारलं, "रंगनाथराव, घर आहे, कुटुंब आहे, मग इथं काय?"

त्यांनी खालच्या द्राक्षबागांकडे बोट केलं, मग ते खाली घेतलं. "साहेब, मी रिटायर झालो लॉकडाऊनमध्ये. शेवटच्या दिवशी ना हार, ना भाषण. गेटवरच्या पोरानं लांबूनच माझा बॅज मागितला, त्याच्यावर फवारा मारला आणि म्हणाला, चला काका. संपलं! तेव्हापासून घरी बसलो की वाटतं, आपण सुटीवर आहोत आणि कुणीतरी बोलवायचं विसरलंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! या माणसाला निरोपच मिळालेला नाही! ज्याला कुणी रीतसर निरोप दिला नाही तो जाणार कसा? आणि निरोप द्यायला या जिल्ह्यात माझ्याइतका लायक माणूस दुसरा कोण?

"रविवारी तुमचा निरोप समारंभ करू," मी म्हणालो. "इथंच. मंडळातर्फे."

रंगनाथरावांनी बशी खाली ठेवली. "माझा?"

"तुमचा. शाल, नारळ, भाषणं, सगळं."

"मग... नंतर जावं लागंल."

"अर्थात! निरोपानंतर माणूस जातोच!"

"बरोबर हे," ते हळूच म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

काम फत्ते! खाली उतरताना मी चक्क शीळ घातली.

निरोपाचा सत्कार सपत्नीक असतो, ही आपली पद्धत. शिवाय बायको समोर असली की माणूस घरी नेणं सोपं. म्हणून मी एकलहऱ्याला जाऊन त्यांच्या पत्नी लंकाबाईंना भेटलो. मला वाटलं होतं, बाई रडतील. बाई शेंगा सोलत होत्या.

"मला ठाऊक हे कुठं हायेत ते," त्या म्हणाल्या. "घरी होते तेव्हा दिवसभर माझ्या मागं. फ्रिजची वायर तपास, कुकरची शिट्टी तपास. एक दिवस मिक्सर खोलून ठेवला, तो अजून खुल्लाच हे. डोंगरावर गेले तेव्हा म्हटलं, जाऊद्या, डोंगराला स्क्रू नसतात."

"वहिनी, त्यांना परत आणायचंय. तुम्ही यायलाच हवं."

"येते. पण सत्काराची साडी-बिडी नको. चढायला बूट द्या."

रविवार उजाडला. पायथ्याच्या गावचे सरपंच धोंडीराम यांना प्रमुख पाहुणे केलं होतं. त्यांनी खुर्च्या, लाउडस्पीकर आणि स्वतःचे मोजून न घेतलेले कार्यकर्ते वर चढवले. पत्र्याला फलक लागला: 'श्री. रंगनाथराव यांचा सपत्नीक सत्कार व भावपूर्ण निरोप.' लंकाबाई पातळाखाली नवे पांढरे बूट घालून आमच्या आधी वर पोचल्या. नवऱ्याला पाहून एवढंच म्हणाल्या, "वाळलात." ते म्हणाले, "तू नाय वाळलीस." यापलीकडे प्रेमाचा संवाद झाला नाही, पण दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले.

रेंजर मॅडम सगळ्यात शेवटी आल्या. हातात पिशवी. पिशवीत पपईएवढं कुलूप! उज्वलाताईंनी ते पाहिलं आणि माझा दंड धरला. "आज हे गेलेच पाहिजेत."

"ताई, माझं भाषण ऐकून कुणी थांबलेलं नाही," मी म्हणालो आणि माईक हातात घेतला.

आता इथं मला थोडं समजून घ्या. निरोपाचं भाषण हे सायकलसारखं असतं. एकदा बसलं की पाय आपोआप फिरतात, आपण कुठं चाललोय हे बघावं लागत नाही. मी सुरुवात केली, "रंगनाथराव नसते तर या निवाऱ्याचं काय झालं असतं?" टाळ्या! "त्यांच्या जाण्यानं होणारी पोकळी कशानंही भरून निघणार नाही!" टाळ्या! लंकाबाई नवऱ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू त्या भलत्याच माणसाशेजारी येऊन बसल्यात. आणि मग माझ्या तोंडून ते नेहमीचं वाक्य बाहेर पडलं. "पण रंगनाथराव, तुम्ही जाताय असं आम्ही मानतच नाही! या वास्तूचं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे!"

कचेरीत हे वाक्य मी प्रत्येकाला ऐकवलं होतं. तिथं ते खरं मानण्याचा वेडेपणा कुणी केला नव्हता.

रेंजर मॅडम माझ्या कानाशी कुजबुजल्या, "हे जातायत ना नक्की?"

"जातायत, मॅडम. ही बोलायची पद्धत असते."

मग उज्वलाताई उठल्या. त्यांचं भाषण मीच लिहून दिलं होतं, पण चष्मा खाली गाडीत राहिला! त्यामुळे बाई मनातलं बोलल्या. "मी पहिल्यांदा आले तेव्हा यांनी मला चपला काढायला लावल्या. मला फार राग आला. पण खरं सांगू? शाळेत मी जन्मभर पोरांना तेच सांगत होते आणि एकानंही ऐकलं नाही." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. रंगनाथरावांना घालवायला आलेली बाई रडायला लागली!

धोंडीराम सरपंच मागे राहणारे नव्हते. त्यांनी माईक असा पकडला जसा कोंबडा पकडतात. "रंगनाथभाऊ गेले तर मोरदांड उघडा पडंल! आमची म्हातारी माणसं रोज वर येत्यात गप्पा हाणायला, गुडघे मोकळे झाले त्यांचे! भाऊ कुठं जात नाय! कोण काढतो यांना, बघतोच मी!"

"सरपंच, निरोप आहे हा!" मी मागून त्यांचा सदरा ओढला.

"हां, तर भाऊंना निरोप!" सरपंच गरजले. "पण जायचं नाय!"

कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या. शाल पडली, नारळ दिला, आणि सत्काराला उत्तर द्यायला रंगनाथराव उभे राहिले. कानटोपी काढून त्यांनी हातात घेतली.  

"गेटवर बॅज दिला," ते म्हणाले, "तेव्हा वाटलं, एवढी वर्षं आपण होतो की नव्हतो? आज कळलं. होतो." त्यांनी डोळे पुसले. लंकाबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मलाही जरा काहीतरी डोळ्यात गेलं. "मी पिशवी भरून ठेवली होती. शब्द दिला होता. पण ताई रडल्या, सरपंच म्हणतात जायचं नाय, आणि साहेब तर म्हणाले की तुम्ही जाताय असं आम्ही मानतच नाय. मोठ्या माणसांचा मान ठेवला पाहिजे. मी थांबतो!"

टाळ्यांनी पत्रा वाजला! मी मात्र रेंजर मॅडमकडे बघत होतो. त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं होतं.

"काय चाललंय हे?" त्या म्हणाल्या. "माणूस गेला का ते बघायला मी एवढं चढून आले आणि तुम्ही त्याला माईकवरून थांबवून घेताय?"

 उज्वलाताई उठून दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, कुलूप लावू नका. या निवाऱ्यासाठी माझ्या चपला झिजल्यात."

मॅडम उत्तर देणार, तेवढ्यात आतून लंकाबाईंचा आवाज आला. बाई कधी आत गेल्या, कुणाला कळलं नव्हतं. "अहो, या पांघरुणांच्या घड्या कुणी घातल्या?"

"मीच," रंगनाथराव म्हणाले.

"आणि ही भांडी?"

"मीच."

लंकाबाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मॅडम, या माणसानं घरी कधी रुमालाची घडी घातली नाय! इथं नका कुलूप लावू. याला मी लग्नानंतर पहिल्यांदा असं बघतेय."

मॅडमनी ओठ दाबले. हसू होतं की राग, सांगता येत नव्हतं. त्या आत गेल्या, पांघरुणांवर हात फिरवला, दार पुढेमागे करून पाहिलं. बिजागरी कुरकुरली नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "चोरून राहणारा माणूस मला चालणार नाही. मंडळ आणि गाव मिळून राखणदार ठेवत असतील, तर ती गोष्ट वेगळी. पण झोपायचं पडवीत. आतली जागा येणाऱ्यांची. आणि ते बनियन नियमावरून काढा!"

रंगनाथराव धावले आणि बनियन काढलं. उज्वलाताई पायरीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. मॅडमनी कुलूप रंगनाथरावांच्या हातात दिलं. "धान्याच्या पेटीला लावा. माकडं फार आहेत इथं."

"पडवी दोघांना पुरंल का?" लंकाबाईंनी विचारलं.

"दोघांना?" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"मग? हे इथं भाकऱ्या करणार आणि मी खाली एकटी सीरियल बघत बसू? आणि ठेचा बघितला मी यांचा. लोकांना असला ठेचा देतात?" त्यांनी पांढरे बूट काढून दाराबाहेर नीट जोडीनं ठेवले आणि पदर खोचला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती प्रतिभाबाई दारातच उभ्या होत्या.

"कसा झाला समारंभ?"

"छान झाला. सगळे रडले."

"गेले का ते?"

"नाही. आता त्यांच्या मिसेसही तिथंच राहणार आहेत."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग तुम्ही तिथं जाऊन नेमकं केलंत काय?"

मी बूट काढले, नीट जोडीनं ठेवले आणि म्हणालो, "शेवटी आभार मानले."