मेट्रनबाईंच्या उतरायच्या जागा

परक्या गावातल्या परक्या घरात शिरलं की मेट्रनबाई आधी चपला काढायच्या, चष्मा माझ्या हातात द्यायच्या आणि समोर दिसेल त्या पलंगावर सरळ आडव्या व्हायच्या. डोळे मिटलेले, हात पोटावर. मालक बिचारा दारात उभा. त्याला वाटायचं, बाईंना घेरी आली. बिकानेरकडच्या एका ठाकूरसाहेबांनी तर घाबरून वैद्याला बोलवायला माणूस धाडला. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "भाईसाब, चुप बैठो. हम सोके देख रहे है."

असं 'सोके' बघितल्याशिवाय त्यांनी एकही जागा पसंत केली नाही.

बाईंचं नाव रिबेका. आडनावाला आपल्यासारखंच 'कर' लागलेलं, साडी नऊवारीतून पाचवारीवर आलेली, बोलणं अस्सल कोकणातलं. त्यामुळे त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आहेत हे नव्या माणसाला कळायला वेळ लागे. मुंबईच्या एका इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्यावर पनवेलला तळ्याजवळच्या बैठ्या घरात एकट्या राहत. सगळं पनवेल त्यांना मेट्रनबाईच म्हणे.

मी देगलूरचा. सातवीत शाळा सुटली, क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. ऐंशीचं दशक सरता सरता पनवेलच्या स्टँडसमोर एका शेठची मॅटाडोर चालवत होतो. बायको, दोन लेकरं आणि माय गावाकडे. माझा स्वभाव मुळात घाबरट. घाट आला की ब्रेकची काळजी, घाट संपला की टायरची. शेठनं मला बाईंच्या गाडीवर दिलं तेव्हा पहिल्याच दिवशी, कर्नाळ्याची खिंडही ओलांडली नव्हती, मी रेडिएटर तपासायला तीनदा उतरलो. बाई मागून म्हणाल्या, "नामदेव, तुला पगार गाडी चालवायचा आहे की काळजी करायचा? काळजीचा असेल तर तू मागे बस, मी चालवते."

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. पण मी उतरायचा थांबलो.

आता बाई एवढ्या जागा कुणासाठी बघत होत्या? तर त्यांची एकुलती एक मुलगी लीना लग्न होऊन इस्रायलला गेलेली. तिथेच दोन मुलं झाली. नातवंडांनी ना भारत पाहिलेला, ना आजी. जावयानं कबूल केलं होतं, एका थंडीत महिनाभर सगळे येऊ, देश बघू. बाईंनी त्या एका महिन्यासाठी दोन हिवाळे आधी तयारी चालवली.

"एकच महिना मिळणार आहे मला," त्या म्हणायच्या. "पोरांना देश आवडला तर पुन्हा येतील. नाही आवडला, तर मी फोटोतलीच आजी. आणि देवळं, किल्ले बघून देश आवडत नसतो, नामदेव. सकाळी डोळे उघडल्यावर आवडतो."

म्हणून सगळा भर उतरायच्या जागेवर. मोठ्या हॉटेलांची बाईंना चीड. "काश्मीर असो की कन्याकुमारी, तोच गालिचा, तोच सूप." त्यांना हवी असत घरं. कुठे जुन्या हवेलीतल्या चार खोल्या, कुठे केरळात पाण्याकाठी एका मास्तरांचं घर, कुठे कुलूकडे सफरचंदाच्या बागेत लाकडी बंगली. आता अशा जागांना बुटीक म्हणतात म्हणे. तेव्हा बुटीक म्हणजे आम्हाला ब्लाऊज शिवायचं दुकान ठाऊक.

मालक कौतुकानं खोली उघडायला लागला की बाई त्याला अडवायच्या. "कमरा बाद में. पहले घर दिखाव." मग स्वैपाकघरात शिरायचं, माठातलं पाणी प्यायचं, घरातल्या म्हातारीशी बसून बोलायचं. भाषा येत नसली तरी. केरळातल्या मास्तरांच्या आईशी त्या तासभर नारळाच्या चटणीबद्दल बोलल्या. त्या मल्याळममध्ये, या मराठीत. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बाई चांगली आहे, पण कढीपत्ता उशिरा घालते." जागा पसंत.

नापसंतीही तितकीच झटपट. जयपूरला एक हॉटेल होतं, दारात कारंजं, वर झुंबर. मॅनेजर टाय लावून पुढे आला. बाईंनी विचारलं, "मेरा ड्रायव्हर किधर सोएगा?"

"मॅडम, गाडी में. सब ड्रायव्हर गाडी में ही सोते है."

"अच्छा? फिर हमारा कमरा भी गाडी में ही दिखाव. कौनसा गाडी?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत. वळल्या, गाडीत येऊन बसल्या. मी हात जोडून म्हणालो, बाई, मला सवय आहे, तुम्ही माझ्यापायी कशाला. तर म्हणाल्या, "तुझ्यापायी नाही. जो रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हातात सकाळी माझी नातवंडं देतो, त्याला धंद्यातलं काही कळत नाही. चल."

त्यानंतर मी घराघरांत पलंगावर झोपलो. पहिल्या रात्री तर चादर चुरगळेल म्हणून अंगच टेकवलं नाही.

एक नियम मात्र कडक. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत गाडी उभी राहिलीच पाहिजे. बाई दोन दिवे लावायच्या आणि तिथून शनिवारी तिन्हीसांज होईपर्यंत ना प्रवास, ना विस्तव, ना कसलं बटण दाबणं, ना फोनला हात लावणं. त्यामुळे शुक्रवारची जागा सगळ्यांत चांगली हवी. तिथे पुरा एक दिवस काढायचा. एकदा कूर्गच्या तोंडाशी शुक्रवारीच पंक्चर झालं. ऊन डोंगराला टेकलेलं. बाई म्हणाल्या, "तू नट आवळ, मी सूर्याकडे बघते." आणि कमरेवर हात ठेवून अशा बघत राहिल्या, जशा वॉर्डात पळून जाणाऱ्या पेशंटकडे बघत असतील. पोचलो वेळेत. कूर्गमधलं ते कॉफीच्या मळ्यातलं घर होतं. मालक अय्यप्पा आणि त्यांची बायको, दोघंच. ही जागा बाईंना इतकी आवडली की नातवंडांचा पहिला शुक्रवार इथेच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

सगळं जुळलं. ज्या ज्या घरी उतरायचं तिथले फोन नंबर जावयानं मागवून घेतले. तिकिटं निघाली. आणि येणं आठवड्यावर आलं असताना तिकडे आखातात लढाई पेटली, इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडू लागली. विमानं बंद. रोज रात्री भोंगे वाजतात, सगळे एका खोलीत बसतात, विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवून. एवढं लीनाताईनं शेजारच्यांच्या फोनवर घाईत सांगितलं. त्यानंतर काही नाही.

मी भीत भीत बाईंकडे गेलो. म्हटलं, गाडी रद्द करायची ना?

"रद्द कशाला? अय्यप्पाच्या बायकोनं गाद्या उन्हात घातल्या असतील."

शेजारचे दामले तिथेच होते. ते म्हणाले, "अहो मेट्रनबाई, अशा वेळी फिरायला? लोक काय म्हणतील?"

"दामले, माझ्याकडे फोन आहे? नाही. तुमचा आहे, तो पावसात भिजल्यापासून आठवड्यातून दोन दिवस लागतो. त्या प्रत्येक घरी फोन आहे आणि लीनाकडे नंबर आहेत. इथे बसले तर रेडिओ ऐकत बसेन." मग माझ्याकडे वळून, "गाडी रिकामी नेऊ नकोस. घरची माणसं बोलावून घे. माय, बायको, पोरं, सगळी."

मी नाही म्हणालो, तर म्हणाल्या, "तुला विचारलं नाही, सांगितलं."

माझ्या मायनं लातूरच्या पुढचं जग बघितलं नव्हतं. ती मॅटाडोरच्या पुढच्या सीटवर मांडी घालून बसली आणि कोल्हापूर येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. लेकरं मात्र अर्ध्या तासात बाईंच्या अंगाखांद्यावर. बाई त्यांना गोष्टी सांगत, केस विंचरत. पण वाटेत जिथे थांबू तिथे उतरल्या उतरल्या त्यांचा प्रश्न एकच: "फोन आया?" दोन मुक्कामांवर उत्तर एकच मिळालं. नाही.

शुक्रवारी दुपारी कूर्गला पोचलो. बाईंनी विचारण्याआधीच अय्यप्पांनी नकारार्थी मान हलवली. बाई फोनशेजारच्या खुर्चीत बसल्या. चहा आला, निवला. ऊन कलायला लागलं तशा उठल्या, हातपाय धुतले, दोन दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून काही पुटपुटल्या. सूर्य गेला.

आणि फोन वाजला.

बाई फोनपासून दोन पावलांवर होत्या. हात पदराखाली. त्या हलल्या नाहीत. अय्यप्पा बाहेर गोठ्याकडे होते. घंटी वाजतच होती. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी धावत जाऊन उचलला.

खरखर, मग मराठी. "कोण, नामदेव का? मी लीना. आईला सांगा, आम्ही चौघं बरे आहोत. इथे अजून दुपार आहे, पोरं खाली खेळतायत. तिकडे दिवे लागले असतील ना? मला ठाऊक आहे, ती हात लावायची नाही. तुम्ही धरा तिच्या कानाला."

मी धरला. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "खिडक्या दिवसा तरी उघडतेस ना ग? वारा लागू दे पोरांना." लाइन तुटली.

बाई ओसरीवर जाऊन बसल्या. माय तिथेच तांदूळ निवडत होती. तिनं सुपावरची नजर न उचलता विचारलं, "नातवंडांची नावं काय हायत, बाई?"

मी आजवर त्यांच्या तोंडून 'पोरं' नाहीतर 'नातवंडं' एवढंच ऐकलं होतं. बाई म्हणाल्या, "मोठी अविताल. धाकटा योआव."

"चांगली हायत." मायनं दोन खडे काढून टाकले. जरा वेळानं म्हणाली, "थोरलीचं काय म्हनलात?"

"अविताल."

"अन् धाकल्याचं? इसरले बघा."

"योआव."

मळ्यात अंधार उतरला. आतून लेकरांचा दंगा ऐकू येत होता. थोड्या थोड्या वेळानं मायनं पुन्हा विचारावं, आणि बाईंनी पुन्हा सांगावं, दर खेपेला थोडं जास्त: अवितालचे केस कुरळे आहेत, योआवला अंधाराची भीती वाटते.

माझ्या मायला गावातल्या झाडून सगळ्या शेळ्यांची नावं पाठ आहेत. ती कधी काही विसरत नाही.